वळवाचा आठवडा: बुजलेलं नरसाळं, घाबरट सेन्सर आणि एकदाचा मिळालेला ग्राफ

रत्नागिरी, घरचं स्टेशन, मेचा दुसरा आठवडा. मागच्या वेळी मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की पावसाळ्याआधी टिपिंग बकेट (ठरलेलं पाणी भरलं की कलंडून एकेक टिचकी मोजणारा पर्जन्यमापक) बसवणार आणि वीज ओळखणारा सेन्सर पण चालू करणार, तर दोन्ही केलं आणि दोन्हींनी मला व्यवस्थित तोंडघशी पाडलं. पण गेली दोन वर्षं जे पकडायचं होतं ते मात्र यावेळी पकडलं, ते खाली येईलच, आधी थोडं सामानाबद्दल.

तापमान-आर्द्रता-दाबासाठी अजून तोच बीएमई-२८० सेन्सर, मागे नोंदी ठेवायला ईएसपी-३२ हा चिमुकला संगणक, आणि लाईट गेली तरी चालावं म्हणून जुनी पॉवर बँक. सेन्सर आता गच्चीवरून काढून परसात आणलाय कारण गच्चीचा स्लॅब दुपारी तव्यासारखा तापतो आणि आपण हवेचं नाही स्लॅबचं तापमान मोजत बसतो. वर सावलीला कुंडीखालच्या प्लास्टिकच्या अकरा बशा, एकावर एक, मधे बोटभर फट, पांढरा रंग, जमिनीपासून दीड मीटर. गरीबाचा स्टीव्हन्सन स्क्रीन, म्हणजे वेधशाळेत थर्मामीटर सावलीत ठेवायची ती पांढरी झडपांची पेटी. (तो स्क्रीन ज्याच्या नावाने ओळखतात तो थॉमस स्टीव्हन्सन मुळात दीपगृहं बांधणारा इंजिनियर, आणि आमच्या गच्चीवरून रत्नदुर्गावरचं दीपगृह दिसतं, म्हणून मला ही माहिती उगाचच आवडते.) वाऱ्यासाठी सध्या काहीच नाही. वाऱ्याचा वेग मोजायला वाट्यांचा ॲनिमोमीटर केला होता, त्याचं बेअरिंग खाऱ्या हवेने एका वर्षात खाल्लं. आता काठीला जुन्या ओढणीची पट्टी बांधलीय, दिशा तरी कळते.

सोमवार ते बुधवार लिहिण्यासारखं फार नाही. कमाल ३४.१, ३४.४, ३४.८. विदर्भातली मंडळी हे वाचून हसतील, तिकडे ४५ मोजतात, पण बाबांनो दवबिंदू बघा, म्हणजे हवा किती गार झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होईल ते तापमान, जितकं जास्त तितकी हवा दमट. बुधवारी दुपारी ३ वाजता ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के, म्हणजे दवबिंदू साडेसव्वीसच्या घरात, आणि अंगाला ते ४२-४३ सारखं लागतं. रात्री २ वाजता पण २७.८च्या खाली उतरेना. दोरीवरचे कपडे सुकत नाहीत, बरणीतल्या मिठाला पाणी सुटलंय, आणि पंखा नुसती तीच हवा इकडची तिकडे करतो. समुद्रच या दिवसात ३० अंशांच्या आसपास असतो, त्यावरून येणारा वारा तुम्हाला काय थंड करणार.

बुधवारी हौस म्हणून ओल्या फडक्याचं तापमान पण मोजलं. साधा थर्मामीटर, खाली मलमलीची ओली पट्टी, आणि दोरीला बांधून पाच मिनिटं गरागरा फिरवायचा. शेजारच्या पोराने विचारलं काकू गोफण आहे का. २८.१ आलं. बीएमईच्या आकड्यांवरून काढलं तर २८.२ येतं, म्हणजे सेन्सरची आर्द्रता अजून शाबूत आहे, खाऱ्या हवेत दोन वर्षं टिकला म्हणजे कमालच. हे ओलं तापमान ३५ला पोचलं की सावलीत बसून घाम गाळला तरी शरीर थंड होत नाही असं मानतात. आपण त्यापासून लांब आहोत पण चिरेखाणीत काम करणाऱ्याला २८ पण पुरेसं आहे.

एक गंमत म्हणजे शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे याच सुमाराला येतो, ८ मेच्या आसपास. १२ वाजून ३३ मिनिटांच्या दरम्यान अंगणात स्टीलचा पेला पालथा ठेवला होता, सावली बुडाशी गायब. इतका सूर्य डोक्यावर असून सुद्धा आपल्याकडे मे हा सगळ्यात मोठ्या आकड्यांचा महिना नसतो, ते मान मार्च-एप्रिलला, आणि त्याचं कारण गुरुवारी छान कळलं.

रोजचा क्रम असा असतो. सकाळी मतलई वारा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे, ओढणी पश्चिमेला फडफडते. साडेदहा-अकराला ती लटकते, मग फिरते, खारा वारा आत येतो आणि ग्राफवर तापमानाची चढण तिथल्या तिथे थांबते. आर्द्रतेची रेघ टुणकन वर. हे इतकं नेमाने होतं की मी त्यावर घड्याळ लावेन. गुरुवारी अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला, ओढणी अजून समुद्राकडेच. पूर्वेचा वारा हटायलाच तयार नाही, घाटावरून उतरलेली कोरडी गरम हवा, तापमान चढतंय चढतंय आणि १ वाजून ४० मिनिटांनी ३६.९. मार्च-एप्रिलमध्ये हा पूर्वेचा वारा जोरात असतो म्हणून मोठे आकडे तेव्हाचे. आता किनारपट्टीला उष्णतेची लाट म्हणायला हवामान खात्याच्या निकषात कमाल तापमान निदान ३७ लागतं, शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त. माझी लाट ०.१ने हुकली. तसा माझा सेन्सर तीन-चार दशांश जास्तच दाखवतो त्यामुळे रडण्यात अर्थ नाही. १:५०ला खारा वारा आला आणि वीस मिनिटांत ३४.५.

आता मुख्य भाग. तीनच्या सुमाराला गच्चीवर गेले तर पूर्वेला, आंबा घाट आणि देवरुखच्या अंगाला, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग, कडा एकदम धारदार. अशा कडा दिसल्या की समजायचं ढग अजून वाढतोय. चारपर्यंत एकाचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरून आमच्या डोक्यावर यायला लागला, सूर्य दुधाळ झाला. ही आपल्याकडची नेहमीची पद्धत, खारा वारा ओल आत नेतो, सह्याद्री ती वर ढकलतो, आणि वरच्या थरात पूर्वेचा वारा असेल तर तयार झालेला ढग परत किनाऱ्याकडे येतो. वरचा वारा पश्चिमेचा असेल तर सगळा पाऊस कोल्हापूरकडे आणि आपण नुसता गडगडाट ऐकायचा. आसपास वीज कुठे पडतेय ते दाखवणारं दामिनी ॲप उघडलं, ४० किलोमीटरच्या वर्तुळात ठिपके, २०च्या वर्तुळात अजून काही नाही.

गच्चीवर सासूबाईंची आमसुलं वाळत होती, तिसरं पूट दिलेली, म्हणजे तिसऱ्यांदा रसात भिजवून वाळत घातलेली. खालून हाक आली, "अगो, आमसुलं आत घे, आला तो." मी म्हटलं, "आई, अजून लांब आहे, पाऊण तास तरी आहे." त्या जिन्यात आल्या आणि म्हणाल्या, "वारा पडलाय बघ. वारा पडला की थांबायचं नसतं." ओढणीकडे बघितलं तर खरंच, खारा वारा बंद, पट्टी काठीला चिकटून लोंबतेय, आंब्याचं पान हलत नाही. तरी मी ॲपवाली, म्हटलं जरा फोटो काढते. दोन सुपं आत गेली होती आणि तिसऱ्याला हात घालते तोच ओढणी एकदम समुद्राकडे ताठ झाली, पूर्वेकडून धूळ, पातेरा, कोणाचा तरी टॉवेल, आणि तो वास, तापलेल्या कातळावर कुठेतरी लांब पाऊस पडल्याचा. अंगावर काटा आला तो थंडीने की आनंदाने माहीत नाही. तिसरं सूप उलटलं.

आणि हा तो ग्राफ. ५ वाजून ४२ मिनिटांना ३३.६ अंश, ५:५३ला २५.४. अकरा मिनिटांत आठ अंश! आर्द्रता ६८वरून ९४. आणि सगळ्यात भारी म्हणजे दाब, १००४.१वरून १००६.० हेक्टोपास्कल, सरळ भिंतीसारखी उडी. दाबाची रेघ आपल्याकडे रोज दोनदा वर दोनदा खाली अशी संथ झोके घेत असते, सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला खाली, पाठ झालीय मला ती. त्या संथ रेघेवर ही उडी म्हणजे झोपलेल्याला कोणी चिमटा काढावा तशी दिसते. ढगातून पडणारा पाऊस वाटेत थोडा वाफ होतो, तिथली हवा गार होते, गार म्हणून जड, ती खाली आपटते आणि जमिनीवर चहू बाजूंना पसरते, तोच हा वारा. जड हवा डोक्यावर आली म्हणून दाब वाढला. पुस्तकात शंभरदा वाचलं होतं, आधी दर वेळी काहीतरी व्हायचं, लाईट जायची, कार्ड भरायचं, मी नेमकी चिपळूणला असायची. यावेळी एकेका मिनिटाची नोंद आहे.

पण पाऊस! चाळीस मिनिटं धो धो, पन्हळीतून पाणी नुसतं उसळत होतं, आणि माझी नवी टिपिंग बकेट काय सांगते? ०.२ मिलिमीटर. एक टिचकी. गेल्याच रविवारी तिचं कॅलिब्रेशन केलेलं, नरसाळं १६ सेंटीमीटर व्यासाचं, म्हणजे एका टिचकीला ४ मिली, १०० मिली हळूहळू ओतलं की २५ टिचक्या यायला हव्यात, २३ आल्या, मग खालचा स्क्रू पिळत पिळत तीन तास घालवून २५ केल्या. आणि आता ०.२.

नशीब जुना पर्जन्यमापक काढला नव्हता, म्हणजे दुसरं तसंच १६ सेंटीमीटरचं नरसाळं आणि खाली पाण्याची बाटली, बस. शुक्रवारी सकाळी साडेआठला (नोंद साडेआठलाच, हवामान खात्याच्या वेळेला, नाहीतर तुलना करता येत नाही) स्वयंपाकघरातल्या मापाने मोजलं, ४७० मिली. या नरसाळ्यात एका मिलिमीटर पावसाचं २०.१ मिली पाणी जमतं, म्हणून भागिले २०.१, म्हणजे २३.४ मिलिमीटर. मग टिपिंग बकेट उघडली. नरसाळ्याच्या भोकात मातीची गोळी, बाहेरून गुळगुळीत, मडक्यासारखी घडवलेली. कुंभारीण माशी. एवढ्या दहा मिलिमीटरच्या भोकात तिने घर बांधलं, आत तीन हिरव्या अळ्या, अर्धवट जिवंत, तिच्या पिल्लाच्या जेवणाची सोय. वर नरसाळं काठोकाठ भरून पाणी वाहून गेलेलं. मातीचं घर त्या पावसात विरघळलं पण नाही. मला राग यायला हवा होता पण काम इतकं सुबक होतं की आधी फोटो काढला, मग काडीने पाडलं, आणि नंतर वाईट वाटत राहिलं.

वीजवाल्या सेन्सरची वेगळीच कथा. एएस-३९३५, ४० किलोमीटरपर्यंतची वीज ओळखतो आणि अंतराचा अंदाज देतो. सोमवारपासून त्याने ३१ विजा मोजल्या, आकाश निरभ्र असताना. त्यातल्या बऱ्याचशा मिक्सरच्या निघाल्या, सासूबाईंनी चटणी लावली की याचं "वादळ १ किलोमीटरवर". उरलेल्या जिन्यातल्या एलईडी दिव्याच्या. नॉइजची सेटिंग वाढवली तर खऱ्या विजाच ऐकेना. गुरुवारी मात्र वाऱ्याबरोबर पहिल्या पाच मिनिटांतच लाईट गेली आणि सगळ्या आळीतले मिक्सर, चार्जर, दिवे, मोटारी एकदम गप्प, आणि हा पठ्ठ्या शुद्धीवर आला. मी घरात बसून चमक ते कडकडाट मोजत होते, साधारण तीन सेकंदाला एक किलोमीटर, १५ सेकंद आले की त्याचं ५, २५ आले की ८. दर वेळी नाही जुळलं पण दहातल्या सहा-सात वेळा. म्हणजे सेन्सर उत्तम आहे, फक्त घरात वीज नको. आता याचं काय करायचं सांगा, मी त्याला परसाच्या टोकाला विहिरीकडे न्यायचा विचार करतेय, बॅटरीवर, लांब वायर न टाकता, कारण विजेच्या दिवसात परसातून घरात तांब्याची तार ओढण्याइतकी मी अजून हौशी झालेली नाही.

शुक्रवार नुसता घाम. रात्रीचं किमान २३.९ होतं, महिन्यात पहिल्यांदा चादर घेतली, आणि सकाळी ओल्या जमिनीवर ऊन पडलं तशी आर्द्रता अशी वर गेली की दवबिंदू २७.३. पावसाने गारवा आला म्हणणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी अकरा वाजता परसात उभं करावं. शेजारच्या काकांची शेवटची तोड राहिली होती, गळलेले आंबे गोळा करताना ते म्हणाले तुझ्या यंत्राने आधी सांगितलं असतं तर दोन पेट्या वाचल्या असत्या. काय बोलणार.

शनिवारी परत ढग आले पण बाजूने निघून गेले, संध्याकाळी ३.१ मिलिमीटर. अडीचच्या वर म्हणून पावसाचा दिवस धरला, आठवड्यात दोन झाले. रात्री मात्र भाट्याच्या पलीकडे समुद्रावर तासभर विजा, आवाज अजिबात नाही, नुसता ढग आतून पेटायचा नि विझायचा. मोबाईलवर चार सेकंदांचं एक्स्पोजर लावून ४६ फोटो काढले, पंचेचाळिसात काळोख आणि एकात आमची टाकी.

रविवारी बसून गुरुवारचा ग्राफ मोठा करून बघितला, मुद्दाम "वारा पडला" ती वेळ शोधायला. ओढणीची नोंद होत नाही पण तापमानात दिसतं, खारा वारा असताना रेघ बारीक थरथरत असते कारण झुळूक येते जाते, आणि ५:२१पासून ती एकदम गुळगुळीत झालीय, हळूहळू अर्धा अंश चढलेली. म्हणजे एकवीस मिनिटं आधी. ॲपच्या २०च्या वर्तुळात पहिला ठिपका मी ५:३०ला बघितला होता. आता ईएसपीला शिकवायचंय की दुपारी तीननंतर दहा मिनिटं रेघ थरथरली नाही तर बझर वाजव. सहा-सात वळीव तरी मिळायला हवेत तपासायला, आणि मान्सून केरळात १ जूनच्या आसपास आला की मग आपल्याकडे दिवस थोडेच उरतात, एकदा तो नैऋत्येचा वारा लागला की हा खेळ संपला.

टिपिंग बकेटच्या नरसाळ्यावर चहाची स्टीलची गाळणी उलटी बसवलीय. सासूबाई गाळणी शोधतायत. तिसऱ्या सुपातली आमसुलं धुऊन परत घातली पण बरीचशी काळी पडली, ती या वर्षी आमच्याच घरात खायची असं ठरलंय.