पांढऱ्या बुडाची पानं: व्हीनस फ्लायट्रॅपच्या नोंदी, पुणे

14 एप्रिल. काल सकाळी भिंग घेऊन बसलो आणि सात आठवड्यांचं चीज झालं. व्हीनस फ्लायट्रॅप या किडे खाणाऱ्या झाडाच्या, नवं रोप करण्यासाठी लावलेल्या पानाच्या बुडाशी मोहरीएवढा हिरवा कोंब आलाय. आज दुसऱ्या दोन पानांनाही तसेच कोंब दिसले.

मागचं थोडक्यात. 5 डिसेंबरला झाड कुंडीतून काढलं, मुळं धुतली, बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवली आणि ओलसर स्फॅग्नम मॉसमध्ये (दलदलीतलं शेवाळ) गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवलं. हे झाड मूळचं अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलिनाच्या किनारी दलदलीतलं, तिथल्या थंडीत ते तीन-चार महिने निजतं. पुण्यात रात्री गारठा पडतो, पण दुपारी ऊन तापतं आणि झाड धड झोपत नाही. म्हणून फ्रिज. 15 फेब्रुवारीला बाहेर काढलं, तेव्हा कंद टणक आणि पांढराशुभ्र होता. तो मऊ लागला असता तर सगळं संपलंच होतं.

24 फेब्रुवारीला नऊ पानं काढली. पान वर ओढायचं नाही, देठ धरून हळूच खाली, बाहेरच्या बाजूला सोलायचं. कंदाला चिकटलेला पांढरा भाग सोबत आला तरच उपयोग. माझ्या चार पानांना तो आला, पाच हिरव्या देठात तुटली. तरी नऊही मॉसवर तिरपी लावली, वर पारदर्शक डबा उपडा घातला आणि खिडकीत ठेवली, दुपारचं ऊन टाळून. हिरवी तुटलेली पाचही तीन आठवड्यांत काळी पडली. पांढऱ्या बुडाच्या चारांपैकी तिघांना कोंब आहेत. चौथं अजून हिरवं आहे, ते मी काढणार नाही.

पाण्याबद्दल कळकळीनं सांगतो, कारण माझं पहिलं झाड त्यानंच गेलं. न धुतलेलं कोकोपीट आणि सोसायटीचं बोअरचं पाणी. मीटर लावला तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, 310. पन्नासच्या आत हवा. आता पावसाळ्यात गच्चीवर ड्रम भरून ठेवतो, उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटर. कुंडीत पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खडे), खत अजिबात नाही. कासच्या पठारावरचा आपला दवबिंदू, तोही किडे खाणारं झाड, असाच निकस मातीत वाढतो. नायट्रोजन किडे पुरवतात.

मोठ्या झाडाला मार्चअखेरीस फुलाचा दांडा आला. सहा सेंटिमीटरचा झाल्यावर छाटला, नाहीतर झाडाची ताकद त्यातच जाते. दांड्याचे दोन तुकडे करून त्याच मॉसमध्ये रोवलेत, त्यांनाही रोपं फुटतात म्हणून. अजून हालचाल नाही.

आज एका सापळ्याला, म्हणजे पानाच्या टोकाच्या मिटणाऱ्या भागाला, मेलेली मुंगी दिली. मेलेला किडा वळवळत नाही, त्यामुळे आतल्या केसांना धक्के बसत नाहीत आणि सापळा न पचवताच उघडतो. म्हणून मिटल्यावर बाहेरून बोटांनी अलगद चोळत राहिलो. दोनेक मिनिटांत कडा घट्ट आवळल्या.

कोंबांना पहिला सापळा आला की पुढची नोंद करीन.