एसक्यूलाइटची जुळी फाइल: नोंदवही चालू झाली, तपासणी बाकी

सध्याची स्थिती: एसक्यूलाइट (अख्खा डेटाबेस एकाच फाइलमध्ये ठेवणारी प्रणाली) वापरतोय; मुख्य फाइल एका डिस्कवर, तिची जुळी दुसऱ्या डिस्कवर, आणि दोघींचा मेळ ॲप्लिकेशनच राखतं. कोडमधून दोन्हीकडे लिहिण्याची जुनी पद्धत पूर्ण काढली. त्या पद्धतीत पहिलीत कमिट झालं (बदल पक्के झाले) आणि दुसरीत लिहिण्याआधी प्रोसेस मेली, की फरक पडतो आणि त्याचा मागही उरत नाही. क्रम उलटा केला तर जुळी पुढे पळते, एवढाच काय तो बदल.

अटॅच करून (एकाच कनेक्शनला जोडून) दोन्ही फायली एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळं होईल नाहीतर काहीच नाही अशा गटात, घेता येतात. रोलबॅक जर्नल (बदलाआधीचा मजकूर जपणारी फाइल) असताना ते चोख चालतं. डब्ल्यूएएल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये जातात) मात्र कमिटच्या मध्येच वीज गेली, तर प्रत्येक फाइल आपापल्यापुरती शाबूत राहते. दोघी एकमेकींशी जुळतीलच असं नाही. डब्ल्यूएएल सोडायचा नसेल तर हा रस्ता बंद.

म्हणून मुख्य फाइलमध्येच नोंदवहीचं टेबल: क्रमांक, टेबलाचं नाव, क्रिया, की (रो ओळखणारं मूल्य) आणि जेसन (मजकूर) रूपात अख्खी रो. प्रत्येक टेबलावर इन्सर्ट, अपडेट, डिलीटचे तीन ट्रिगर (बदल होताच आपोआप चालणारे आदेश) त्यात लिहितात. बदल आणि त्याची नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये पडते, सगळी मदार त्यावर. अपडेटमध्ये की बदलली असेल तर जुन्या कीची डिलीट नोंदही हवी. ब्लॉब (कच्चा बायनरी डेटा) जेसनमध्ये जात नाही, एरर येते. तो आधी हेक्स करायचा.

वर्कर (नोंदवही जुळीत उतरवणारा प्रोग्रॅम) एका वेळी ५०० नोंदी क्रमाने उचलतो, जुळीत अपसर्ट (रो असेल तर बदल, नसेल तर नवी) किंवा डिलीट करतो आणि शेवटचा क्रमांक जुळीतल्याच एका टेबलात, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहितो. नोंदवहीतल्या नोंदी पुसायच्या त्यानंतरच. मध्ये कुठेही बंद पडला तरी पुढच्या वेळी बरोबर तिथूनच उचलतो. अपसर्टला एसक्यूलाइट ३.२४ किंवा पुढची आवृत्ती लागते.

आता खड्डे. नोंदवहीतल्या क्रमांकाला ऑटोइन्क्रिमेंट (वापरलेला क्रमांक पुन्हा न देणारी सोय) लावणं सक्तीचं. एरवी ते लावू नये म्हणतात ते बरोबरच, पण इथे नोंदवही रिकामी होते, आणि ऑटोइन्क्रिमेंट नसेल तर पुढचा क्रमांक पुन्हा १ येतो. जुळीत शेवटचा क्रमांक समजा ५२०० लिहिलेला असतो, त्यामुळे वर्कर नव्या नोंदी जुन्या समजून सोडून देतो. एररही येत नाही.

दुसरा खड्डा जास्त फसवा: इन्सर्ट ऑर रिप्लेस. युनिक कॉलम (ज्यात एकच मूल्य दोनदा चालत नाही) धडकला की जुनी रो उडते, पण रिकर्सिव्ह ट्रिगर्सचा प्राग्मा (सेटिंग) बंद असेल तर डिलीटचा ट्रिगर चालतच नाही. जुळीत ती रो राहते आणि नवी रो लावताना तिथे युनिकची एरर येते. दोष वर्करचा वाटतो, असतो मूळ क्वेरीचा. प्राग्मा प्रत्येक कनेक्शनवर लावावा लागतो, एखादं कनेक्शन हमखास सुटतं. त्यापेक्षा क्वेरीच अपसर्टमध्ये बदललेली बरी.

जुळी पहिल्यांदा तयार करताना नुसती मुख्य फाइल कॉपी केली तर डब्ल्यूएएलमध्ये पडून असलेले बदल मागे राहतात. व्हॅक्यूम इंटू ही डेटाबेसची नवी प्रत काढणारी आज्ञा वापरावी (३.२७ पासून). प्रत तयार झाल्यावर तिच्याच एसक्यूलाइट_सीक्वेन्स टेबलातला नोंदवहीचा क्रमांक हीच सुरुवातीची जागा धरायची, प्रतीतली नोंदवही रिकामी करायची आणि तिच्यातले सगळे ट्रिगर काढून टाकायचे. ट्रिगर राहिले तर जुळी स्वतःचीच नोंदवही भरत बसते. इंटिजर प्रायमरी की नसलेल्या टेबलांचे रोआयडी (रोंचे अंतर्गत क्रमांक) व्हॅक्यूममध्ये बदलू शकतात, त्यामुळे रोआयडीला की मानून चालत नाही.

तपासणीचं काम अर्धवट आहे. रो मोजणं पुरत नाही: चुकलेलं अपडेट त्यात दिसत नाही. कीच्या क्रमाने १००० रोंचे गट पाडून हॅश (मजकुरावरून काढलेली छोटी खूण) जुळवायचा, तोही दोन्हीकडे रीड ट्रान्झॅक्शन उघडून, नोंदवहीत काही शिल्लक नाही हे पाहून झाल्यावरच; नाहीतर वाटेत असलेले बदल फरक म्हणून दिसतात. स्कीमा बदल अजून हातानेच होतो, कारण ऑल्टर टेबलवर ट्रिगर चालत नाहीत: लिहिणं थांबवायचं, नोंदवही रिकामी होऊ द्यायची, दोन्हीकडे बदल करायचा, मुख्य फाइलमधले ट्रिगर नव्याने लिहायचे. ट्रिगर विसरले तर नवा कॉलम जुळीत कायम नल.