तुम्ही विचारलंत म्हणून: बॉक्सिंगचे प्रेक्षक गेले कुठे?

मी व्यावसायिक बॉक्सिंग बघतो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "ते अजून चालतं? अली, टायसनच्या वेळी सगळं जग बघायचं. मग लोकांनी का सोडलं?" मारामारी आता लोकांना बघवत नाही, असं उत्तरही काही जण स्वतःच देऊन टाकतात.

मला ते पटत नाही. एमएमएच्या (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या लढतींच्या) पिंजऱ्यात याहून जास्त रक्त सांडतं आणि तिथे तरुणांची गर्दी असते. बॉक्सिंगमधले मृत्यू मी हलके मानत नाही. 1982 साली रे मॅन्सिनीशी 14 व्या फेरीपर्यंत झुंजलेला किम डुक-कू काही दिवसांनी गेला. ती लढत लोकांनी टीव्हीवर थेट पाहिली होती. त्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती 15 वरून 12 फेऱ्यांवर आल्या. पण त्यानंतरही माइक टायसनसाठी लोक वेडे झालेच की.

माझ्या मते लोकांनी बॉक्सिंग सोडलं नाही, बॉक्सिंग चालवणाऱ्यांनी लोकांना दाराबाहेर ठेवलं.

एकदा एका मित्राने सहज विचारलं, "सध्या हेवीवेटचा, म्हणजे सगळ्यात वजनदार गटाचा जगज्जेता कोण?" मी म्हटलं, "कुठल्या संघटनेचा?" तिथेच त्याचा चेहरा उतरला. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ अशा चार संघटना, 17 वजनगट, आणि प्रत्येकीचा आपापला जगज्जेता. जगज्जेत्याला पट्टा मिळतो, म्हणजे हिशेबाने 68 पट्टे झाले. 'अंतरिम' वगैरे वेगळेच. पट्ट्यासाठी लढत झाली की संघटनेला फी मिळते, मग पट्टे कमी कोण करणार? लेनॉक्स लुईस 1999 मध्ये हेवीवेटचा निर्विवाद (सगळे मुख्य पट्टे एकट्याकडे असलेला) जगज्जेता झाला, त्यानंतरचा थेट 2024 मध्ये, ओलेक्झांडर उसिक. मधली जवळजवळ 25 वर्षं 'जगात सगळ्यात भारी कोण' या साध्या प्रश्नाला एका नावात उत्तर नव्हतं. आणि उसिकने ब्रिटनच्या टायसन फ्युरीला हरवून चारही पट्टे एकत्र केले, तर पुढच्याच महिन्यात त्याला आयबीएफचा पट्टा सोडावा लागला. त्याचा फ्युरीशी पुन्हा लढण्याचा करार झालेला होता आणि संघटनेला तिच्या क्रमवारीतला आव्हानवीर हवा होता. मला तेव्हा खरंच वाईट वाटलं.

कारण ती लढत! नवव्या फेरीत उसिकचा डावा ठोसा बसला आणि फ्युरीचे पाय गेले. एवढा धिप्पाड माणूस एका दोरावरून दुसऱ्या दोरावर आपटत होता, उसिक मागे लागून मारत होता. दोर नसते तर तो खालीच गेला असता, म्हणून खाली पडलेल्यासाठी मोजतात तसं रेफरीने मोजायला सुरुवात केली. मोजणी संपते न संपते तोच घंटा झाली. असं काही रिंगमध्ये घडत असताना खेळ संपला असं कसं म्हणायचं?

दुसरं कारण पैशाचं, आणि त्याहून जास्त वेळेचं. मेवेदर आणि पॅकियाओ या त्या काळातल्या दोन बड्या बॉक्सरांच्या लढतीची बोलणी 2009 पासून चालली होती. प्रत्यक्ष लढत झाली 2 मे 2015 ला, मेवेदर 38 वर्षांचा आणि पॅकियाओ 36 चा झाल्यावर. अमेरिकेत घरी बघायला सुमारे 100 डॉलर मोजावे लागत होते, तरी 46 लाख ठिकाणी ती विकत घेतली गेली. मीही कधी बॉक्सिंग न बघितलेल्या मित्रांना आग्रहाने बसवलं होतं. सहाव्या फेरीपर्यंत निम्मे जण मोबाईलमध्ये डोकं घालून बसले. मेवेदर सुरेख बचाव करत होता, पण नवख्याला त्यात काय दिसणार? नंतर कळलं की पॅकियाओचा खांदा आधीच दुखावलेला होता. त्यातला एकही जण पुन्हा माझ्याकडे लढत बघायला आला नाही.

1973 पासून बॉक्सिंग दाखवणाऱ्या एचबीओ या अमेरिकन चॅनलने 2018 च्या शेवटी ते बंद केलं, 2023 च्या शेवटी शोटाइम या दुसऱ्या चॅनलने. प्रत्येक प्रमोटरचं (लढती भरवणाऱ्याचं) चॅनल वेगळं, त्यामुळे ज्यांनी एकमेकांशी लढायचं तेच एकमेकांना भेटत नव्हते.

सप्टेंबर 2025 मध्ये कॅनेलो अल्वारेझ आणि टेरेन्स क्रॉफर्ड यांची लढत नेटफ्लिक्सवर, वेगळे पैसे न घेता दाखवली गेली. 2015 च्या बैठकीतल्या एका मित्राचा दुसऱ्या दिवशी फोन आला. "क्रॉफर्ड दोन वजनगट वर चढून जिंकला म्हणे. पण 115-113 म्हणजे काय, ते सांग." मी सांगितलं: फेरी जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला सहसा 9; म्हणजे 12 पैकी सात फेऱ्या एकाच्या, पाच दुसऱ्याच्या. तो म्हणाला, "थांब, कागद-पेन घेतो. पुन्हा पहिल्यापासून लावतोय, मी माझे गुण देऊन बघतो."