बॅगेतल्या अक्षता

आषाढ लागला, पाऊस वाईच्या डोंगरांवर मुक्कामाला आला, की मी कॅमेऱ्याची बॅग जमिनीवर उलटी करतो. वर्षातून एकदाच. लगीनसराईत तिच्या तळाशी काय साचतंय ते बघायला वेळ नसतो, आणि खरं सांगायचं तर धाडसही नसतं. परवा दुपारी पेपर अंथरला आणि बॅगेला दोन-चार दणके दिले. मेलेले दोन सेल, एक टिकली, कुणाच्या तरी शालूची सेफ्टी पिन, पार्किंगच्या पावत्या, झेंडूची वाळकी पाकळी, बडीशेपेची पुडी. आणि अक्षता. मूठभर तरी भरल्या असत्या.

बायको म्हणाली, "अहो, चिमण्यांना टाका त्या." मी हो म्हणालो आणि निवडत बसलो.

निवडता येतात. कुंकवाच्या लाल वेगळ्या, हळदीच्या पिवळ्या वेगळ्या. लांबसडक बासमती असला तर पुण्याचं कार्यालय. ज्वारी असली तर सोलापूर, नाहीतर जतकडचं लग्न. तिकडे रंगवलेली ज्वारी उधळतात आणि ती लागतेही चांगली. अक्षता म्हणजे न मोडलेले दाणे, पण हल्ली निम्म्या कण्याच निघतात. इव्हेंटवाले गुलाबाच्या पाकळ्या वाटतात. अन्न वाया जात नाही, चांगलंच आहे. फक्त पाकळीचा चार दिवसांत भुगा होतो. तांदूळ मात्र लेन्सच्या हूडमध्ये, चेनच्या दातांत, बेल्टच्या शिवणीत जाऊन बसतो तो पावसाळ्यापर्यंत हलत नाही.

मुळात या अक्षता माझ्यासाठी नसतातच. पण वधूवर आणि पाहुणे यांच्या बरोबर मधे उभा असतो तो फोटोग्राफर. "शुभमंगल सावधान" झालं की पाचशे माणसं एकदम हात उचलतात, आणि त्यातल्या निम्म्यांचा नेम माझ्या पाठीवर. बावीस वर्षं हा धंदा करतोय. इतके आशीर्वाद पाठीवर पडलेल्या माणसाचा संसार खरं तर एकदम गोडीगुलाबीचा हवा. नाहीये. (बायकोने हे वाचू नये.)

चार-पाच दाण्यांना वाळू चिकटलेली होती. ती अलिबागकडची. हे लग्न मी विसरणार नाही. मुलीला समुद्रच हवा होता, आणि पंचांगात संध्याकाळचा गोरज मुहूर्त निघाला होता. आमच्या धंद्यातले लोक ज्याला गोल्डन अवर म्हणून नाचतात, तो आपल्या आजोबा-पणजोबांनी गाईंच्या खुरांच्या धुळीत केव्हाच बघून ठेवलाय. त्या रिसॉर्टवर गाई नव्हत्या, पण जनरेटरचा धूर होता, आणि तिरप्या उन्हात तोही सोन्यासारखा दिसतो. डेकोरेटरने दुपारी बारा वाजता वाळूत खांब रोवले, पांढरे पडदे लावले, खुर्च्या मांडल्या. पाणी लांब, वाळू टणक, सगळं छान. एक म्हातारे गृहस्थ होडीच्या सावलीत जाळं विणत बसले होते. ते तेवढं म्हणाले, "आज आठम हाय." डेकोरेटरने ऐकलं, हसला, पुन्हा खांब ठोकायला लागला. मीही ऐकलं, पण डोंगरातला माणूस, मला काय कळणार? वाटलं, उपास-बिपास असेल त्यांचा.

कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेला हिशेब मला त्या दिवशी कळला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी, म्हणजे आठाची पाऊणपट सहा. मुहूर्त सहा वाजून काही मिनिटांनी.

साडेपाचला पाणी खुर्च्यांकडे यायला लागलं. सहाला पहिली रांग चपला हातात घेऊन बसली होती. वारा असा सुटला की अंतरपाटाचं शीड झालं. दोघा जणांनी दोन्ही टोकं गच्च धरलेली आणि मधे तो फुगून नवरीच्या तोंडावर. एकदा वरच उडाला. मंगलाष्टकांची दोन कडवी राहिली होती, तेवढ्यात नवरानवरीने एकमेकांना बघून घेतलं, आणि नवरीला असं हसू फुटलं की तिचा मामा दटावायला लागला. भटजींचं सोवळं पोटरीपर्यंत भिजलं तरी त्यांनी एक अक्षर गाळलं नाही. "सावधान" म्हटल्यावर सगळ्यांत आधी सावध झाली ती पहिली रांग. ती उठलीच. निभावलं एवढ्यासाठी की अष्टमीची भरती भांगाची, बेताची असते. पुनवेची किंवा अवसेची असती तर ती उधाणाची, आणि मग जेवणाच्या पंगती मुंबईच्या जेट्टीवर वाढाव्या लागल्या असत्या. म्हातारबुवा शेवटपर्यंत तिथेच होते. कुणाला काही बोलले नाहीत. जाताना मी त्यांचा फोटो काढला, जाळ्यासकट.

हा माझा एक हट्ट आहे. "भाऊ, आमचा एक काढा की" म्हणणाऱ्याला मी नाही म्हणत नाही. कोऑर्डिनेटर पोरी वॉकीटॉकीवर ओरडत असतात, सूर्य बुडत असतो, ड्रोनवाल्याची बॅटरी संपत आलेली असते, आणि मी वाढप्यांचा, वाजंत्रीवाल्यांचा, नवऱ्याच्या गाडीच्या ड्रायव्हरचा फोटो काढत असतो. दुसराही एक हट्ट आहे. मी कुणाला "हसा" म्हणत नाही. स्माइल नाही, चीज नाही, काही नाही. जोडप्यांना वाटतं, हे कँडिडचं काहीतरी मोठं तंत्र आहे. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही, कारण कँडिडचे पैसे जास्त मिळतात.

आमच्या मेणवलीच्या घाटाचंच घ्या. नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेत उतरणाऱ्या पायऱ्या, आणि ती घंटा. चिमाजी आप्पांनी 1739 साली वसई घेतली, त्यानंतर तिकडून आलेली पोर्तुगीज घंटा. हिंदी सिनेमावाल्यांनी जागा आधीच हेरून ठेवलेली, मग प्री-वेडिंगवाले मागे कशाला राहतील? पूर्वी लग्नाआधी मुलगा-मुलगी एकत्र दिसली तर गावभर बोभाटा व्हायचा. आता मुलीची आईच छत्री धरून उभी असते आणि "अजून जरा जवळ घे तिला" म्हणून जावयाला सांगते.

मागच्या मार्गशीर्षात एक जोडपं घेऊन गेलो होतो. उन्हं उतरायला आलेली. आमच्याकडे पंचांगातल्या सूर्यास्तावर विसंबून चालत नाही, मधे डोंगर आहे. सूर्य अर्धा-पाऊण तास आधीच हात वर करतो. त्यामुळे घाई. आणि नेमक्या मधल्या पायरीवर दोन बायका धुणं आपटतायत. माझा पोरगेलासा असिस्टंट त्यांना म्हणाला, "मावशी, दहा मिनिटं बाजूला होता का?" त्यातली एक कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आरं, आमचा रोजचा घाट हाय. तुमचं एका दिसाचं नाटक." चूक काय होतं? आम्ही दोन पायऱ्या सरकलो. थोड्या वेळाने तिकडूनच आवाज आला, "अगं बया, पदर बघ, पाण्यात गेलाय! आन् त्याला सांग, हात असा लाकडावानी नको धरू." नवरदेवाने मुकाट्याने हात सैल केला. त्या दिवसाचा सगळ्यात बरा फोटो तोच आलाय. मागे साबणाचा फेस पण आलाय. मुलीने एडिट करून काढायला सांगितलं, मी काढला. तो फेस असलेला फोटो माझ्याकडे आहे.

कासला मात्र जात नाही. सप्टेंबरात फोन येतात: फुलांत लोळायचंय. मी सांगतो, बाई, 2012 साली सह्याद्रीच्या जागतिक वारशात गेलंय ते पठार, फुलं बोटभर मातीवर उगवतात, लोळलीस की गेली. मग ते दुसरा फोटोग्राफर बघतात. बघोत.

काकांना हे सगळं दाखवायला हवं होतं. माझे काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, त्यांचा स्टुडिओ होता. दहा बाय बारा. त्यांनी एका बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकडून मागचा पडदा करून घेतला होता: निळं तळं, तळ्यात दोन राजहंस, मागे बर्फाचा डोंगर आणि कडेला नारळाचं झाड. बर्फ आणि नारळ एकाच ठिकाणी कसे, हे कुणी कधी विचारलं नाही. कृष्णाकाठी जन्मलेली माणसं नवे कपडे घालून त्या तळ्यापुढे ताठ उभी राहायची. खरा घाट सायकलने दहा मिनिटांवर. तिथे धुणं धुवायला जायचं, फोटो काढायला कशाला?

मी सातवीत होतो, 1989 असेल. सुट्टीत काकांबरोबर लग्नांना जायचो. त्यांच्या गळ्यात कॅमेरा, माझ्या हातात फ्लॅश, आणि दोघांच्या मधे गुंडाळी गुंडाळीची काळी वायर. वासरासारखा त्या वायरीला बांधलेला मी त्यांच्यामागे हिंडायचो. तेव्हा लग्नं रोलवर ठरायची. दोन रोलचं लग्न, तीन रोलचं लग्न. एका रोलात 36 फोटो. काका अंधारात, अंदाजाने रोल असा भरायचे की सदतिसावा पण निघायचा, आणि त्या एका जास्तीच्या फोटोचा त्यांना एखाद्या इनामाच्या जमिनीसारखा अभिमान. दोन रोलच्या लग्नात 72 फोटो, आणि आहेर द्यायला स्टेजवर चढणारी माणसं दोनशे. प्रत्येकाला वाटतं, आपला निघावा. नाही म्हटलं तर वरबाप रुसतो.

म्हणून ओले आणि कोरडे. हे आमच्या घरातले शब्द. जो फोटो खरा काढायचा, धुवायला जायचा, तो ओला. कोरडा म्हणजे नुसता लखलखाट. काका कॅमेरा डोळ्याला लावायचे, बोटही हलवायचे, पण खटका दाबायचे नाहीत. फ्लॅशच्या मागे टेस्टचं लाल बटण असतं ते मी दाबायचो. माणूस खुश होऊन खाली उतरायचा. खूण ठरलेली होती. ओला असला तर काका नुसतं "रेडी" म्हणायचे. कोरडा असला तर म्हणायचे, "हसा जरा."

आमच्या भागातल्या त्या काळच्या अल्बमांत सगळे इतके गंभीर का, हे मला माहीत आहे. हसलेली माणसं रोलवर नाहीतच.

मला मजा यायची. जादूगाराचा पोऱ्या असल्यासारखं वाटायचं. समोर पाटील असो, मास्तर असो, बँकेचा साहेब असो, तो हसतोय आणि काही निघत नाहीये, हे त्या अख्ख्या मांडवात फक्त आम्हा दोघांना ठाऊक.

त्या मे महिन्यात जवळच्याच एका गावात लग्न होतं. दोन रोलचं. नवरीची आत्या दिवसभर रुखवताच्या टेबलापाशी उभी होती. पांढऱ्या कपाळाची बाई, तेव्हा कोण स्टेजवर बोलावणार? सकाळपासून लाडू-करंज्यांवरच्या माश्या वारत होती. शेवटी पाठवणीच्या जरा आधी नवरीच खाली उतरली आणि तिला हाताला धरून वर घेऊन आली. आत्या नको नको म्हणत होती. मग उभी राहिली. पदर नीट केला, परत केला. काकांनी कॅमेऱ्यावरचा आकडा बघितला. चार शिल्लक होते आणि पाठवणी व्हायची होती.

काका म्हणाले, "मावशी, हसा जरा."

ती हसली. पुढचा एक दात नव्हता. मी बटण दाबलं.

पंधरा दिवसांनी ती स्टुडिओत आली. एसटीने. "माझा फोटू आला का?" काका म्हणाले, अजून पुण्याहून आले नाहीत. पुढच्या बाजाराच्या दिवशी परत आली. काका म्हणाले, मावशी, त्या रोलात उजेड शिरला, खराब झाला. ती म्हणाली, "बाकीच्यांचे आले की." तिने अल्बम बघितला होता. काकांनी वर बघितलं नाही. मग म्हणाले, बसा, इथे काढतो तुमचा, पैसे नकोत, मोठा करून देतो. आणि मला म्हणाले, "बाळ्या, पडदा सोड."

मी पडदा सोडला. तळं, राजहंस, बर्फ, नारळ. तिने तो वरपासून खालपर्यंत नीट बघितला. म्हणाली, "झ्याक हाय. पर मला पोरीसंगट पायजे हुता. हितं एकटीचा काढून काय करू?" आणि पिशवी उचलून गेली.

काकांनी त्यानंतर कोरडे बंद केले वगैरे काही नाही. धंदा होता. पुढच्याच लग्नात आम्ही चाळीस-पन्नास मारले असतील.

अक्षता अजून पेपरवरच आहेत. मघाशी फ्लॅशमध्ये नवे सेल घातले. टेस्टचं बटण दाबणार, तेवढ्यात बायको चहा घेऊन समोर आली.

"जरा बाजूला हो."

"का? मला काय होतंय त्याने?"

"काही नाही. हो बाजूला."