चार दिवस बिनआंघोळीचे

भोसरीत ट्रान्सफॉर्मर पॉटिंगच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मर रेझिनच्या ब्लॉकमध्ये बंद करायच्या लाइनवर मी सहा वर्षं काढली. इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर वजन करून मिसळायचं, साच्यात ओतायचं. हाताला लागलं की थिनरच्या फडक्यानं पुसायचं, सगळेच पुसतात. गेल्या दिवाळीनंतर बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. मेडिकलवाल्यानं गजकर्ण म्हणून ट्यूब दिली. लावली की दोन दिवस बरं, सोडली की दुप्पट. त्यात स्टेरॉइड होतं हे नंतर कळलं. मग एका सकाळी पापण्या अशा सुजल्या की डोळे उघडेनात.

त्वचेच्या डॉक्टर मॅडमनी आधी एवढंच विचारलं, "सुट्टीत कमी होतं का?" जत्रेला आठ दिवस गावी होतो तेव्हा हात साफ झाले होते, पण हा हिशेब माझ्या डोक्यातच आला नव्हता. तरी म्हटलं, सहा वर्षं तेच काम करतोय, आत्ताच कशी ॲलर्जी? म्हणाल्या, अशीच येते. शरीर एखाद्या पदार्थावर कधी डूख धरेल सांगता येत नाही, आणि एकदा धरला की सोडत नाही.

पॅच टेस्ट ठरली, म्हणजे संशयाचे पदार्थ पाठीवर चिकटवून कशाची ॲलर्जी ते बघायचं. मी हौसेनं डबीत हार्डनर घेऊन गेलो. मॅडमनी हातही लावला नाही. "हा असाच पाठीवर लावला तर कातडी भाजेल." टेस्टसाठी ठराविक प्रमाणात पातळ केलेले पदार्थ असतात. लेबलचा फोटो मात्र ठेवून घेतला. सोमवारी पाठभर पट्ट्या चिकटवल्या, एकेका पदार्थाचा एकेक चौकोन, पेनानं खुणा केल्या. पाठीला पाणी नाही, घाम नाही, खाजवणं तर नाहीच. जानेवारी होता म्हणून निभावलं. बुधवारी पट्ट्या काढल्या तेव्हा एक चौकोन नुसता लालसर. शुक्रवारी त्याच जागी पुरळ आणि बारीक पाण्याचे फोड. इपॉक्सी. बायकोचा संशय रबरी हातमोज्यांवर होता, तो चौकोन कोरा निघाला. उलट त्या पातळ मोज्यांतून रेझिन आत झिरपतं, म्हणजे मी उगाच निर्धास्त होतो.

सुपरवायझर म्हणाले, "खाज काय, सगळ्यांनाच सुटते." सर्टिफिकेट दाखवल्यावर मला ब्लॉक तपासायच्या टेस्टिंग विभागात टाकलं. ओव्हरटाइम गेला, तो सल आहेच. पूर्ण सुकलेल्या ब्लॉकचा त्रास होत नाही. चिकट लागलेला आला की न शिवता परत पाठवतो, त्यावरून रोज एकदा तरी वाजतं.