आडाचं पाणी परत प्यायला लागलो, पण एका रिपोर्टपायी तीन महिने गेले

आड साफ करायला चार दिवस लागले, गच्चीचं पाणी आडात सोडायचा पाइप जोडायला दोन दिवस, आणि ते पाणी प्यायच्या लायक आहे की नाही एवढं एका कागदावर लिहून मिळायला जवळजवळ तीन महिने. ह्या तीन महिन्यांचा राग अजून गेलेला नाही म्हणून सगळं सविस्तर लिहिते, म्हणजे बेळगावात ज्यांच्या परसात अजून आड आहे त्यांना माझ्यासारखे हेलपाटे पडायला नकोत.

आमचं घर वडगावात, जुनं. परसातला आड सासऱ्यांच्या वडिलांनी काढलेला, पस्तीस फूट खोल, आत साडेसहा फूट रुंद, खालपर्यंत जांभ्या दगडाचं बांधकाम. मी लग्न होऊन आले तेव्हा राहाट होता, दोर होता, सासूबाई सकाळी त्याच पाण्यानं सडा घालायच्या. मग घरात नळ आला, वर टाकी बसली, आणि आडावर पत्रा पडला. शहराला पाणी येतं ते राकसकोप आणि हिडकल धरणांचं, म्हणजे कुठलं तरी लांबचं पाणी पंपानं चढवून आपल्या नळापर्यंत आणायचं आणि उन्हाळ्यात ते आठ दिवसांनी आलं की बॅरल, बिंदग्या, पातेली सगळं भरून ठेवायचं, वरनं टँकरला पैसे द्यायचे, आणि हे सगळं चालू असताना परसात पाण्यानं भरलेला आड पत्र्याखाली झाकलेला. मला ते बघवत नव्हतं. आपल्या गावाला विहिरींचं काय नवल नाही हो, १९२४ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन बेळगावात भरलं तेव्हा आलेल्या लोकांसाठी खणलेली विहीर टिळकवाडीत अजून आहे, काँग्रेस विहीर म्हणतो आपण तिला.

तर मे महिन्यात, पाणी अगदी खाली गेल्यावर, गाळ काढून घेतला. काम करणारी माणसं अनुभवी होती त्यामुळं त्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त एक गोष्ट नीट ऐका. बंद पडलेल्या आडात हवा खराब झालेली असते, माणूस आत उतरायच्या आधी पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा, विझला तर कुणीच उतरायचं नाही. आणि डिझेलचा पंप आडाच्या आत ठेवून चालवायचा नाही, त्याचा धूर वर येत नाही, आतच साठतो. जीव जातो ह्यात. आमच्याकडं कंदील नीट जळत राहिला तरी मिस्त्रीनं आधी झाडाची फांदी बांधून पंधरा-वीस वेळा वरखाली केली, हवा हलावी म्हणून.

मृग लागायच्या आधी पाइप झाला. त्याचं पुढं सांगते.

आता ऑफिसचं. नाव लिहीत नाही, पाणी तपासून देणारी सरकारी लॅब आहे एवढंच. मिस्टर म्हणाले, नळ येईपर्यंत हेच पाणी पीत होतो की आम्ही, कशाला पाहिजे टेस्ट. पण घरात नातू आहे दोन वर्षांचा, मी म्हटलं कागद हातात आल्याशिवाय ह्या पाण्याचा चहासुद्धा करणार नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मिनरल वॉटरची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन आडाचं पाणी भरून घेऊन गेले. खिडकीतल्या बाईंनी बाटली घेतली, पैसे घेतले, पावती दिली, आठ दिवसांनी या म्हणाल्या. आठ दिवसांनी गेले तर "साहेबरू सही माडिल्लरी", सही झाली नाही. परत गेले, "नाळे बर्री". उद्या या, उद्या या करत आणि दहा दिवस गेले. शेवटी रिपोर्ट मिळाला. पीएच, क्षार, जडपणा, नायट्रेट सगळं बरोबर, आणि खाली जंतूंच्या रकान्यात "अयोग्य". का, किती, आता काय करायचं, एक शब्द नाही. विचारलं तर म्हणाल्या, रिपोर्टवर लिहिलंय ते वाचा.

मी खचले अगदी. घरी येऊन बसून राहिले. एवढा गाळ काढला, एवढे पैसे घातले.

तिथल्याच एका वयस्कर शिपाई मामांनी मला खरं काय ते सांगितलं, तेही मी चौथ्यांदा पायऱ्यांवर बसलेली बघून. म्हणाले, अक्का, जंतूंच्या टेस्टला घरची बाटली चालत नाही, ती इथनंच न्यायची, निर्जंतुक केलेली असते. तुमच्या बाटलीतच जंतू असतील तर पाण्याला कशाला दोष. हे एक वाक्य पहिल्या दिवशी त्या खिडकीतनं सांगितलं असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते! पैसे घेताना बाटली दिसत होती की त्यांना.

मग बाटली मागायला गेले. बाटल्या शिल्लक नाहीत. दोन दिवसांनी गेले, बाटल्या धुवायला गेल्यात. त्या जुलैच्या पावसात रिक्षा करून जायचं, भिजायचं आणि हात हलवत परत यायचं. तिसऱ्या खेपेला मिळाली. सॅम्पल भरून गुरुवारी घेऊन गेले तर घेतच नाहीत! का तर जंतू वाढतात की नाही हे बघायला पाणी एक-दोन दिवस आणि कधी त्याहून जास्त उबवून ठेवावं लागतं, मध्ये शनिवार-रविवार आला की बघायला माणूस नाही, म्हणून सॅम्पल फक्त सोमवार ते बुधवार, सकाळी अकराच्या आत. कारण एकदम पटण्यासारखं आहे, माझं काही म्हणणं नाही. पण दारावर एक कागद चिकटवा की. कन्नडात चिकटवा, मराठीत चिकटवा, कशातही चिकटवा, माणूस वाचून घेईल किंवा कुणाकडनं तरी वाचून घेईल. बाटली देतानासुद्धा सांगितलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी सगळं नीट केलं. सॅम्पल कसं घ्यायचं ते मामांनीच सांगितलेलं, ते लिहून ठेवा. हात साबणानं धुवायचे. बाटली आतनं विसळायची नाही, तळाला जरा पावडर असते ती तशीच राहू द्यायची, कारण पाण्यात क्लोरीन उरलेला असेल तर तो त्या पावडरनं मरतो, नाहीतर वाटेत बाटलीतले जंतू मरत जातात आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. वर थोडी जागा मोकळी सोडायची. आणि बाटली बर्फात घालून लवकरात लवकर, पाच-सहा तासांच्या आत पोचवायची. मी मासेवाल्याकडनं थर्माकोलचा डबा आणला, घरचा बर्फ पिशवीत बांधून घातला, साडेआठला भरलं आणि दहाला खिडकीत.

हा रिपोर्ट पण खराब आला. पण ह्या वेळी तो खरा आहे हे मला माहीत होतं, त्यामुळं रडत बसले नाही, कारण शोधलं. पिण्याच्या पाण्याचा नियम असा आहे की १०० मिलीलिटर पाण्यात ई-कोलाय एकही सापडता कामा नये, आणि आमच्या पाण्यात होते, म्हणजे मैल्याचं पाणी कुठनं तरी मिसळतंय. शौचाचा शोषखड्डा आडापासनं निदान ५० फूट तरी लांब पाहिजे म्हणतात, आमचा तेवढा लांब आहे. मग सापडलं ते न्हाणीघराच्या मागचं चेंबर, आडापासनं वीस फुटांवर, बाजूनं फुटलेलं. नातवाचे लंगोट तिथंच धुतले जायचे. चेंबर नवीन बांधलं, पाइप बदलला, आडाच्या कठड्याभोवती तीन फूट सिमेंटचा उताराचा ओटा केला, म्हणजे सांडलेलं पाणी परत आत मुरणार नाही. नंतर क्लोरीन.

क्लोरीनचा हिशेब सोपा आहे. आडाची रुंदी मीटरमध्ये घ्या, तिला तिनंच गुणा, मग पाण्याच्या उंचीनं गुणा, मग ०.७८५ नं. जे येईल तेवढे हजार लिटर. आमचं २ गुणिले २ गुणिले ४ गुणिले ०.७८५, म्हणजे साधारण साडेबारा हजार लिटर. चांगली ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे आम्हाला ३१ ग्रॅमच्या आसपास. पावडर सरळ आडात टाकायची नाही. बादलीत आधी पेस्ट करायची, मग पाणी घालून ढवळायची, दहा मिनिटं ठेवायची, चुना खाली बसला की वरचं निवळ पाणी तेवढं आडात सोडायचं आणि पोहऱ्यानं घुसळायचं. तासभर तरी थांबायचं, आम्ही रात्री घालून सकाळी वापरतो. पावडरचं पाकीट उघडं राहिलं की तिचा जोर जातो, जुनी पावडर वापरू नका. गाळ काढल्यावर पहिल्यांदा डोस बराच जास्त लागतो आणि ते पाणी उपसून टाकावं लागतं, त्याला आरोग्य खात्याच्या माणसाला विचारूनच करा.

तिसरं सॅम्पल गणपतीच्या पंधरा दिवस आधी दिलं आणि रिपोर्ट स्वच्छ आला. "योग्य". मी तो कागद घरी येईपर्यंत पदरात धरून आणला. सासूबाईंनी पहिली बिंदगी स्वतः ओढली, त्यांचं वय ऐंशीच्या वर आहे, कुणाला हात लावू दिला नाही. ते पाणी देवापुढं ठेवलं, मग उकळून चहा. अजूनही नातवाला आणि सासूबाईंना उकळूनच देते, स्वच्छ रिपोर्ट त्या दिवसापुरता असतो.

पाइपचं राहिलं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमची गच्ची ६०० चौरस फूट, म्हणजे ५६ चौरस मीटर धरा, वीस मिलिमीटरच्या एका पावसात वायाला गेलेलं सोडून नऊशे-हजार लिटर पाणी आडात जातं. आणि आपल्याकडं जुलैत असा पाऊस किती दिवस पडतो ते सांगायला नको. दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये तळाला मोठे दगड, वर खडी, कोळसा, वर जाड वाळू, प्रत्येक थरामध्ये नायलॉनची जाळी. बॅरलच्या आधी पाइपला एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, आणि खाली टोपण पाहिजेच, वळवाचे पाऊस आणि मिरगाचे पहिले दोन-तीन पाऊस त्यातनं बाहेर सोडून द्यायचे, चार महिन्यांची धूळ, पाला, कबुतराची घाण सगळी त्यात असते. आमच्या प्लंबरनं टोपण बसवलंच नव्हतं, मी पैसे थांबवून ठेवले तेव्हा येऊन बसवलं.

टँकर बंद झाला. कपडे, भांडी, झाडं सगळं आडावर. भांडी विसळलेलं पाणी मी नारळाला सोडते. आडावर आता पत्रा नाही, जाळी आहे, डास होत नाहीत आणि उजेड-वारा लागतो. शेजारच्या काकूंनी पण त्यांच्या आडातला कचरा काढायला सुरुवात केलीय, त्यांना मी सांगितलंय, पहिली बाटली मी आणून देते, तुम्ही त्या खिडकीत जाऊ नका.

पावसाळा संपला की आणि एकदा टेस्ट करायची, कारण पावसात बाहेरचं पाणी कुठनं कुठं झिरपतं ते कळत नाही. दोन बाटल्या मागून आणल्यात, एक आमची, एक काकूंची. सोमवारी सकाळी दोन्ही एकदम देणार.