टण्, टण्, बद्द

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी टँकच्या दारावर कागद चिकटवलेला दिसला. ‘इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीकामी जलतरण तलाव पुढील आदेशापर्यंत बंद राहील.’ खाली सही, शिक्का आणि निम्म्या शिक्क्यावर सेलोटेप. मी खांद्याला बॅग लावून उभी. आत कॉस्च्युम, टोपी, गॉगल, टॉवेल आणि बॅचमधल्या बायकांसाठी आणलेली तिळगुळाची डबी. आणखी तिघी-चौघी तिथंच घुटमळत होत्या. सगळ्या कोरड्या, त्यामुळे कोणी कोणाला ओळखेना.

यात अतिशयोक्ती नाही. सकाळी सात ते पावणेआठच्या लेडीज बॅचला मी अकरा वर्षं जातेय. तिथं बाई दिसते ती रबरी टोपीत, टिकली नसलेली, मंगळसूत्र लॉकरमध्ये ठेवून आलेली, डोळ्यांभोवती गॉगलची वळं उमटलेली. नावंही पाण्यातलीच. बॅकस्ट्रोकच्या काकू म्हणजे ज्या तिरक्या तिरक्या येऊन आपल्यावर आदळतात आणि वर ‘अगं, बघून पोह की!’ म्हणतात. कठड्याच्या वहिनी म्हणजे ज्या पाऊण तास कठडा धरून पाय मारतात आणि आजूबाजूच्यांना बिरड्याची उसळ शिकवतात. त्या दिवशी काठापदराची साडी नेसलेल्या, अंबाड्यावर गजरा माळलेल्या एका बाईंनी मला विचारलं, “काय हो, कधी उघडणार म्हणे?” आवाज ऐकला आणि उजेड पडला. कठड्याच्या वहिनी! पोहून झालं की परस्पर एका हळदीकुंकवाला जायचं म्हणून घरूनच नटून आल्या होत्या. तिळगूळ दिला, गोड बोललो आणि पुढं काय बोलायचं ते दोघींनाही सुचेना. पाण्यात बोलायला विषय कमी पडला नव्हता कधी.

आमचा टँक छपराखालचा. पुण्यात टिळक टँकसारख्या उघड्यावरच्या टँकात पोहणारे आम्हाला कुंडीतली झाडं समजतात. समजोत. भर पावसात वर पत्र्याचा ताशा वाजत असताना उताणं पडून सावकाश हात मारत जाणं त्यांच्या नशिबात नाही. उताणं पोहणाऱ्याला छप्पर पाठ होतं. बॅकस्ट्रोक करणाऱ्याला भिंत जवळ आल्याचं कळावं म्हणून पाच मीटर अलीकडं रंगीत झेंड्यांची दोरी बांधतात. आमची दोरी कधीच तुटली होती. तिच्याऐवजी मला एक डाग होता. तिसऱ्या तुळईवर, थेट श्रीलंकेच्या आकाराचा. श्रीलंका आली की सात हात मारायचे, आठव्याला भिंत. पुढं पुढं श्रीलंका पसरत तामिळनाडूला टेकली, मग तिथला गिलावा पडला आणि आत तांबूस सळई दिसायला लागली. मी काय केलं? सातच्या जागी सहा मोजायला लागले.

म्हणजे बाकीच्यांना टँक बंद होतोय हे कागदावरून कळलं, मला ते वर्षभर रोज डोक्यावर दिसत होतं. बोलले मात्र नाही कोणाला. बोललो तर बंद करतील, ही भीती.

छपराला खाल्लं कोणी, हे भाच्यानं सांगितलं. तो सिव्हिल इंजिनियर आहे, आणि जेवायला बसल्यावर असल्या गोष्टी सांगायची त्याला खोड आहे. मी म्हटलं, “क्लोरिनचा वास किती छान, स्वच्छ स्वच्छ वाटतं.” तो म्हणाला, “मावशी, तो वास नुसत्या क्लोरिनचा नसतो. क्लोरिन तुमच्या घामाशी आणि,” इथं त्यानं आमटीच्या वाटीकडं बघून शब्द गिळला, “आणि इतर गोष्टींशी मिसळतं, त्यातून क्लोरामाइन तयार होतं. त्याचा तो वास. जितका उग्र, तितकं पाणी घाण.” उघड्या टँकावरून ते वाऱ्यानं निघून जातं. आमच्याकडं ते छपराखाली कोंडून राहतं. कोमट, दमट हवा वर चढते, गार तुळईला लागून तिचे थेंब होतात आणि त्या थेंबांतलं क्लोराइड सिमेंटमधून झिरपत सळईपर्यंत पोचतं. सळई गंजली की फुगते, कारण गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. ती फुगली की वरच्या काँक्रीटला ढकलून पाडते.

‘शॉवर घेतल्याशिवाय पाण्यात उतरू नये’ अशी हातभर पाटी आमच्या टँकवर आहे. आमच्या बॅचचा शॉवर म्हणजे शॉवरखालून लगबगीनं चालत जाणं. तेव्हा छप्पर कोणी खाल्लं, हे मी त्या जेवणावर आणखी विचारलं नाही.

त्यानंच पुढं स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावाचं सांगितलं. तिथला बंदिस्त टँक 1972 साली बांधलेला. छताखाली काँक्रीटचं दुसरं जड छत स्टेनलेस स्टीलच्या सळयांनी टांगलं होतं. स्टेनलेस म्हणजे गंजायचा प्रश्नच नाही, अशी सगळ्यांची समजूत. पण टँकच्या हवेतल्या क्लोराइडनं त्या सळयांना आतून केसाएवढ्या भेगा पडत गेल्या. 9 मे 1985 ला ते छत पाण्यावर कोसळलं आणि 12 माणसं गेली. टँकला जेमतेम तेरा वर्षं झाली होती. हे ऐकल्यापासून कागदावरच्या ‘पुढील आदेशापर्यंत’ या शब्दांवरचा माझा राग बराच उतरला. श्रीलंकेखालून मी हसत हसत किती वेळा गेले असेन, याचा हिशेब मात्र मी करत नाही.

फेब्रुवारीत फोन आला की लॉकर रिकामा करून न्या. गेले तर ऑफिसात कोणी नव्हतं, आतलं दार सताड उघडं. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद, एका टोकाला साडेतीन फूट आणि दुसऱ्या टोकाला सहा फूट असा तो खड्डा पहिल्यांदाच रिकामा पाहिला. त्यात साडेचार लाख लिटर पाणी मावतं, म्हणजे दहा हजार लिटरचे पंचेचाळीस टँकर. ते गेल्यावर टँक मोठा दिसेल असं वाटलं होतं, तो लहानच दिसला. निळाही नव्हता. फरश्या पांढुरक्या, निळेपणा बराचसा पाण्याचाच होता म्हणायचा. तळाच्या जाळीवर केसांच्या पिना, एका लहान मुलाचा गॉगल आणि एक जोडवं. जोडवं ज्या बाईचं असेल तिनं घरी काय सांगितलं असेल कोण जाणे.

चपला काढून मी शिडीनं खाली उतरले आणि चालत खोल बाजूला गेले. अकरा वर्षांत तिथं माझे पाय टेकले नव्हते.

खोल बाजूच्या भिंतीशी मुकादम उकिडवा बसून हातोडीच्या दांड्यानं एकेक फरशी ठोकून बघत होता. टण्, टण्, टण्. मग एक बद्द. बद्द वाजली की खडूनं फुली. ती आतून सुटलेली, काढायची. मी विचारलं, छपराचं काम आहे ना, मग खाली काय?

“वरचं होईल हो, वर्सभर चालंल. तळाचं पाऊस लागायच्या आत उरकाया पायजे. रिकामा टँक तरंगतो.”

मला थट्टा वाटली. भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, खरंय. आत साडेचारशे टन पाणी आहे तोवर टँक जागेवर. रिकामा असताना पावसाळ्यात जमिनीतलं पाणी चढलं तर ते खालून रेटा देतं आणि अख्खी टाकी होडीसारखी उचलली जाऊ शकते. ज्या टँकात तरंगायला शिकायला मला तीन महिने लागले, तो स्वतः तरंगू नये म्हणून भरून ठेवतात, हे मला फार आवडलं.

मुकादम परभणीकडचा. कडेला लिहिलेल्या ‘६ फूट’वर हातोडी टेकवून म्हणाला, “हे खोल म्हणायचं?”

“हो.”

“आमची हीर सात परस. आज्यानं कमरंला भोपळा बांधला अन् दिलं ढकलून.” जरा थांबून त्यानं विचारलं, “हितं मुटका मारू देत्यात का?”

“नाही. उडी मारायला बंदी आहे.”

“चड्डीवर?”

“नाही. नायलॉनचा कॉस्च्युम लागतो. टोपी लागते.”

“मग करत्यात काय?”

“पोहतात. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.”

त्यानं मान वळवून उथळ बाजूची ती भिंत नीट न्याहाळली.

“अन् तिकडं काय असतं?”

“काही नाही. परत इकडं येतात.”

तो थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिला. मग पुढच्या फरशीकडं सरकला. टण्, टण्, टण्, टण्, बद्द. फुली.